भावाचा दाखला

माझा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. २००८ साली तो वीस वर्षांचा होता, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्या दिवाळीनंतर त्याने वर्गात जाणं बंद केलं. शेजारच्या कारखान्यातले लोक भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतात, असं म्हणायचा. रात्र रात्र जागायचा. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया आहे हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं ताईत, अंगारे आणि नवसात गेली. मी शिकलेली, तरी मीही त्यात होते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली. वडील यंत्रमागावर होते, अम्मा विड्या वळायची. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि अंगणवाडी सेविका आहे. गल्लीतल्या कितीतरी बायकांचे अर्ज मी भरून दिले आहेत. स्वतःच्या भावाचा मात्र तेरा वर्षं भरला नाही. त्याला दिव्यांगाचा दाखला मिळू शकतो हेच माहीत नव्हतं. दिव्यांग म्हणजे काठी, चाकाची खुर्ची, काळा चष्मा, एवढंच डोक्यात होतं.

२०२१मध्ये वडील गेले. अम्माचे हात दुखायला लागले, विड्या बंद झाल्या. पेन्शन महिना हजार रुपये. त्यात दोन माणसं. मी आणि धाकटी बहीण थोडं थोडं द्यायचो. अम्मा रोज एकच विचारायची, मी गेल्यावर याचं काय?

त्याच वर्षी डिसेंबरात एका मुलाच्या अर्जासाठी मी दिव्यांग प्रकारांची यादी वाचत होते. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात ‘मानसिक आजार’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. नंतर कळलं की १९९५च्या जुन्या कायद्यात फक्त सात प्रकार होते, आणि त्या सातांतही मानसिक आजार होता. म्हणजे भावाला पहिली गोळी सुरू झाली तेव्हाही दाखला मिळण्याची सोय होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

अम्माला सांगितलं तर ती नको म्हणाली. घरात वेडा आहे हे सरकारच्या कागदावर कशाला लिहून घ्यायचं, असं तिचं म्हणणं. घराच्या कागदावरून त्याचं नाव काढतील, बँकेत सही चालणार नाही, अशी भीतीही होती. ही भीती आमच्याकडे बऱ्याच घरांत आहे म्हणून सांगते. दाखल्याने असं काही होत नाही. दिव्यांग माणसाला मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळण्याचा, स्वतःचे पैसे सांभाळण्याचा हक्क इतरांसारखाच आहे, असं त्याच २०१६च्या कायद्यात आहे. अम्माला हे पटायला महिना लागला.

फेब्रुवारी २०२२मध्ये आम्ही अर्ज केला. तो स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्ता, एवढं लागतं. मी एका नेट कॅफेत गेले. तिथल्या मुलाने विचारलं, कसला प्रॉब्लेम? मी हळू आवाजात म्हणाले, डोक्याचा. दुकानात ओळखीची दोन माणसं उभी होती. त्याने काहीतरी निवडलं, पैसे घेतले, पावती दिली. मी ती वाचलीसुद्धा नाही.

एप्रिलमध्ये तपासणीची तारीख मिळाली. सोलापूरचा एप्रिल. सकाळी आठला आम्ही तिघं रांगेत. दुपारी कळलं की अर्जात ‘बौद्धिक अक्षमता’ असा प्रकार निवडलेला आहे, म्हणून त्याची बुद्ध्यांकाची चाचणी लागेल. लोक दोन्हीला एकच समजतात. मतिमंदत्व वेगळं, मानसिक आजार वेगळा. पहिल्यात बुद्ध्यांक बघतात, दुसऱ्यात आजारामुळे रोजचं जगणं किती अडतं ते बघतात. माझ्या भावाला दहावीत ७१ टक्के होते. तो रांगेत माझ्याकडे बघून म्हणाला, “अक्का, माझी कसली परीक्षा आहे?” मला उत्तर देता आलं नाही. तो दिवस वाया गेला. अर्ज दुरुस्त करून पुन्हा तारीख घ्यावी लागली. दुकानात मी मोठ्याने ‘मानसिक आजार’ म्हणाले असते तर हे झालंच नसतं.

जूनमध्ये पुन्हा गेलो, आणि या खेपेची चूक पूर्णपणे माझी. मी आदल्या दिवशी त्याला सलूनमध्ये नेलं. सकाळी दाढी करवून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांसमोर भाऊ नीटनेटका दिसावा, एवढंच मनात होतं. चौदा वर्षांची सवय. पाहुणे आले की आम्ही त्याला असंच तयार करायचो आणि पाचव्या मिनिटाला आतल्या खोलीत पाठवायचो.

डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ, कपडे? मी म्हणाले, स्वतः करतो. जेवण? जेवतो व्यवस्थित. बाहेर जातो का? कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. लोकांशी बोलतो? शांत आहे, पण बोलतो. काम? घरात मदत करतो. अम्मा बाजूला मान हलवत होती. जुने कागद मागितले तेव्हा माझ्याकडे तीन वर्षांचेच होते. डॉक्टर सज्जन होते, पण समोर जे आलं त्यावरच ते लिहिणार. चाळीस टक्क्यांच्या खालचा दाखला मिळाला. पांढरं कार्ड. बहुतेक सगळ्या योजनांना चाळीस टक्के लागतात. म्हणजे कागद मिळाला आणि उपयोग शून्य.

पुढच्या महिन्यात गोळ्या आणायला गेले तेव्हा बाह्यरुग्ण विभागातल्या समाजसेविका बाईंना हे सांगितलं. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले, फक्त थोडे पुढे जाऊन. आंघोळ स्वतः करतो, पण कोणी सांगितल्याशिवाय करतो का? मी म्हणाले, नाही, अम्मा पाच-सहा वेळा सांगते, पाणी काढून देते, दाराबाहेर उभी राहते. न सांगितल्यास? आठवडाभर करत नाही. दुकानात जातो तेव्हा? चिठ्ठी आणि मोजून पैसे देतो. सुटे परत आले की नाही हे त्याला सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण अर्धंच बोललात.”

मग त्यांनी मोजणी कशी होते ते समजावलं. हे आधी कळलं असतं तर आमचं वर्ष वाचलं असतं, म्हणून जसं समजलं तसं लिहिते. मानसिक आजारासाठी इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तयार केलेली ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी संबंध ठेवणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. त्यात आजार किती वर्षं आहे याचे एक ते चार गुण मिळवतात. दोन ते पाच वर्षांना दोन, दहा वर्षांच्या वर गेला की चार. एकूण वीस. सातपासून तेरापर्यंत आलं तर चाळीस ते सत्तर टक्के, त्याच्या वर तीव्र.

म्हणजे फक्त जुने कागद नसल्यामुळे आमचे दोन गुण तिथेच गेले होते. चौदा वर्षांचा आजार कागदावर तीन वर्षांचा दिसत होता.

कागद घरातच होते. २०१५मध्ये धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा अम्माने भावाच्या सगळ्या फायली ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली लपवल्या होत्या. नंतर त्या फेकल्या असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. अम्माला विचारलं तर ती काही बोलली नाही, उठून ट्रंक उघडली. २०१०चा पहिला केसपेपर निघाला. एका बाजूने वाळवीने खाल्लेला, पण तारीख, शिक्का आणि आजाराचं नाव शाबूत. २०१३चं दवाखान्यातून सोडल्याचं कार्डही मिळालं. मी सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या.

बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती वहीची. चौदा दिवस रोज लिहा, म्हणाल्या. काय करतो, काय करत नाही, कोणी काय केल्यावर करतो. वाढवून लिहू नका, कमीही करू नका. मी शंभर पानी वही घेतली. अम्मा सांगायची, मी रात्री जाऊन लिहायची. ‘सकाळी १० वाजता उठला. दात घासले नाहीत. ताट समोर ठेवल्यावर जेवला, पाणी हातात द्यावं लागलं. शेजारच्या काकांनी हाक मारली, उत्तर दिलं नाही. दुपारी दोन तास भिंतीकडे बघून बोलत होता. गोळी अम्माने हातावर ठेवली, गिळेपर्यंत उभी राहिली.’ चौथ्या-पाचव्या दिवशी मला लिहिताना जड व्हायला लागलं. अम्मा चौदा वर्षं दिवसभर हेच करत होती आणि मी दोन गल्ल्या पलीकडे राहून त्याला ‘मदत करतो’ म्हणत होते.

दाखल्याचा निर्णय मान्य नसेल तर नव्वद दिवसांच्या आत दाद मागता येते. आमचे त्यातले पन्नासेक दिवस गेले होते. मी लेखी अर्ज केला, सोबत जुन्या कागदांच्या प्रती जोडल्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. पोच घ्याच. पुढे एकदा अर्ज सापडत नव्हता तेव्हा तीच कामाला आली.

मधल्या काळात एकाने सल्ला दिला, तपासणीच्या आधी चार दिवस गोळ्या बंद करा, मग डॉक्टरांना आपोआप कळेल. तो माणूस वाईट नव्हता, त्याने स्वतःच्या घरी तसं केलं होतं. मी एक रात्र त्यावर विचार केला, हे कबूल करते. मग २०१३ आठवलं. तेव्हा गोळ्या सुटल्या होत्या आणि तो तीन दिवस बेपत्ता होता, कुर्डुवाडी स्टेशनवर सापडला होता. गोळ्या चालू असताना माणूस जसा आहे तसाच दाखवायचा. चालू गोळ्यांवरही जे जमत नाही, तेच मोजायचं असतं.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा बोलावलं. या वेळी सलून नाही, नवा शर्ट नाही. रोजचाच सदरा, फक्त धुतलेला. मी आधीच दोन विनंत्या केल्या. एक, त्याला तेलुगूत विचारू द्या. ताण आला की त्याची मराठी जाते, आणि मग तो गप्प आहे की त्याला समजत नाही हे बाहेरच्याला कळत नाही. तिथल्या एका परिचारिका तेलुगू बोलणाऱ्या होत्या, त्या येऊन बसल्या. दुसरी विनंती, माझं आणि अम्माचं म्हणणं तो खोलीत नसताना ऐका.

ही दुसरी विनंती मी का केली ते सांगते. वहीचे दिवस चालू असताना एकदा मी त्याच्यासमोरच अम्माला विचारत होते, आज आंघोळ केली का, शर्ट बदलला का. तो कोपऱ्यात बसलेला. मला वाटलं त्याचं लक्ष नाही. मी निघताना तो म्हणाला, “अक्का, मी काहीच करत नाही असं लिहितेस का?” मी म्हणाले, नाही रे. पण लिहीत तेच होते. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हा कागद कशासाठी, त्यातून महिन्याला पैसे कसे येतील, त्यासाठी आजाराने काय काय अडतं ते सांगावं लागतं. त्याने ऐकून घेतलं. “आजाराने अडतं असं लिही,” म्हणाला, “मी करत नाही असं लिहू नको.” मी वहीची ती पानं पुन्हा लिहून काढली. हे त्याच्याशी पहिल्या अर्जाआधीच बोलायला हवं होतं. तोपर्यंत त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी वही पंधरा मिनिटं वाचली. अम्माला सविस्तर विचारलं. या वेळी अम्मा बोलली, माझ्यापेक्षा चांगली बोलली. ६५ टक्क्यांचा दाखला मिळाला. पुढे पिवळं कार्ड पोस्टाने आलं. दाखल्यावर पाच वर्षांची मुदत आहे, त्यानंतर पुन्हा तपासणी.

दाखला म्हणजे पैसे नव्हेत, हे नंतर कळलं. पैशासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा वेगळा अर्ज तहसीलला करावा लागतो. आमच्याकडे त्याला ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. जानेवारी २०२३मध्ये, सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा चालू असताना, मी कागद जमवायला लागले. चाळीस टक्क्यांच्या वरचा दाखला, पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार. तो अम्माच्या रेशन कार्डावर आहे, माझ्या नाही, म्हणून आमचं बसलं. तुमच्या घरी रेशन कार्ड एकत्र असेल तर हे आधी बघून घ्या.

अडलं ते आडनावावर. आमच्या तेलुगू आडनावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं. पूर्व भागातल्या निम्म्या घरांत हेच आहे. आधार दुरुस्त करायला शाळेचा दाखला लागला, बँकेत दुरुस्त आधार लागलं, तोपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आणि तो पुन्हा काढला. यात चार महिने गेले. आधी आधार, मग बँक, मग उत्पन्नाचा दाखला, असा क्रम ठेवला असता तर दोनच महिने लागले असते.

तहसीलबाहेर एकाने तीन हजार मागितले होते, सगळं करून देतो म्हणून. माझ्याकडे तीन हजार असते तर कदाचित दिले असते, इतकी दमले होते. नव्हते म्हणून वाचले. अर्ज मी स्वतः भरला. खर्च झाला तो झेरॉक्स, रिक्षा आणि शुल्काचा.

मध्येच कोणीतरी ‘निरामय’ आरोग्य विम्याचं सुचवलं. त्यासाठी मी दोन खेपा घातल्या. ती योजना राष्ट्रीय न्यासाची. त्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता हे चारच प्रकार येतात. मानसिक आजार त्यात नाही. तुम्ही त्या खेपा घालू नका. एसटीच्या भाड्यात मात्र ७५ टक्के सवलत मिळते. तो आणि अम्मा त्यावर अक्कलकोटला जाऊन आले. नऊ वर्षांनी तो सोलापूरच्या बाहेर पडला. रात्री-अपरात्री त्रास वाढला तर १४४१६ या नंबरवर, टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, आम्ही फोन करतो. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. अम्माने तो नंबर खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला आहे.

सप्टेंबर २०२३मध्ये पहिले पैसे जमा झाले. त्याच जुलैपासून रक्कम हजारावरून दीड हजार झाली होती. २०२५च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना अडीच हजार ठरले. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो पहिल्या वर्षी मी विसरले आणि पैसे थांबले. आता कॅलेंडरवर लाल गोल करते.

अडीच हजारात दोन माणसांचं घर चालत नाही. पण अम्माने किराण्याची उधारी ठेवणं बंद केलं. आणि ‘मी गेल्यावर काय’ हे ती रोज विचारत नाही, कधीतरीच विचारते.

गेल्या पावसाळ्यापासून भाऊ शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात सकाळी दोन तास घड्या घालायला जातो. मालकाला सगळं माहीत आहे, मीच सांगितलं, या वेळी मोठ्याने. काही दिवस जातो, काही दिवस जात नाही. पहिल्या आठवड्याचे पैसे त्याने अम्माच्या हातात दिले आणि मग माझ्या घरी आला. एकटा, दोन गल्ल्या ओलांडून. दारातच उभा राहिला आणि विचारलं, “अक्का, मी काम करायला लागलो तर २०२७ला टक्के कमी करतील का?”

मी त्याला आत बोलावलं, चहा ठेवला. “तू जा कामाला,” म्हणाले. “वही मी लिहिते. जात नाहीस ते दिवसही लिहिते आणि जातोस तेही.”